एकही सुरकुती न पुसता

१

ते पत्र ओणमच्या आधी आलं होतं. ओणम होऊन गेला, अंगणातल्या फुलांच्या रांगोळ्या वाळून उडून गेल्या, वृश्चिक महिन्यातला गार वारा सुटला, तरी अच्युत वारियर मास्तरांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्र टेबलावर होतं. त्याच्यावर शब्दकोश ठेवला होता आणि शब्दकोशावर चष्म्याची डबी. पण काही पत्रं अशी असतात की वर अख्खं कपाट ठेवलं तरी त्यांचा कोपरा बाहेर डोकावतोच.

'मास्तर, आपली ओळख नाही. एलंतिक्करला माझं शिवणाचं दुकान आहे. दाक्षायणीबाईंच्या पुस्तकात लिहिलंय की छापण्याआधी ते तुम्ही वाचलं. त्यात आगीचं प्रकरण आहे. दिव्याचा कुट्टप्पन पळाला, मी त्याची पाठ पाहिली, असं त्या म्हणतात. तो कुट्टप्पन माझा बाप, माझे अच्छन. परवा कोणीतरी दुकानाच्या फळीवर डांबरानं "पळपुटा" लिहून गेलं. अच्छन चहाच्या टपरीवर जायचे बंद झाले. भिंतीकडे तोंड करून बसतात. विचारलं की एवढंच म्हणतात, मी दिव्यापाशी नव्हतो हे खरंच आहे. जेवण निम्म्यावर आलंय. वाचताना तुम्हाला ते खरं वाटलं का? एवढंच कळवा. वत्सला.'

खरं वाटलं होतं. तीच तर अडचण होती.

मास्तरांचं सारं आयुष्य त्रिशूरच्या एका प्रकाशनात मुद्रितं तपासण्यात गेलं. मंत्र्यांची आत्मचरित्रं त्यांनी तपासली, गायकांची, स्वामींची. सगळे पाळण्यातच थोर झालेले. एकाही पुस्तकात नायकाला साधी खरूज झालेली नाही. मास्तर ती वाचत, अनुस्वार नीट करत आणि मनातल्या मनात थुंकत. आणि मग म्हातारपणी हातात आलं नटी आलंगाड दाक्षायणीचं 'न धुतलेलं तोंड'. नाव वाचून मास्तरांनी नाक मुरडलं होतं. पण आत बाई आपल्या दारूबद्दल बोलत होती, सोडलेल्या तीन पुरुषांबद्दल बोलत होती, स्टेजवर निसटलेल्या गंगावनाबद्दल बोलत होती. सहाव्या प्रकरणात तर मास्तर एकटेच मोठ्यानं हसले होते: 'नाटकात मी दुसऱ्या अंकात मरायची. प्रेत खोटं, पण डास खरे. मग दिवा बारीक झाला की मी सटकायची. माझ्या जागी कोणीही पडायचं. चादर डोक्यावरून ओढली की प्रेत ते प्रेत!'

प्रकाशक मेनोननी बजावलं होतं, "मास्तर, कशाला हात लावू नका. लोकांना हे असंच हवंय." आणि पहिल्या पानावर छापलं होतं: 'भाषेला धक्का न लावता वाचून देणारे अच्युत वारियर यांचे आभार.' जे केलं नाही त्याबद्दल आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी त्यांचं नाव छापलं होतं.

त्या सकाळी प्रकाशनाचा शिपाई नव्या आवृत्तीची मुद्रितं टाकून गेला. मास्तरांनी आगीचं प्रकरण काढलं. मग उठून साप्ताहिकाचे जुने अंक काढले, कारण पुस्तक आधी तिथं क्रमशः आलं होतं.

आग तिथंही होती. प्रयोग चालू असताना दोरीनं टांगलेला पेट्रोमॅक्स कोसळला, नाटकात मुलीचं काम करणारी अम्मिणी नावाची पोर पेटली, प्रेत झालेल्या दाक्षायणीनं चादर फेकून तिला कवटाळलं, स्वतःचे हात भाजून घेतले, तरी पोर वाचली नाही. सगळं होतं.

फक्त कुट्टप्पन कुठंच नव्हता. तो नंतर घुसला होता. कोणी घुसवला?

२

पुस्तकाचा लेखनिक बेन्नी चिरयत्त हा नाक्यावरच्या हॉटेलात बसायचा. बाईंनी सांगायचं आणि बेन्नीनं उतरवायचं, असा तो व्यवहार. केरळात हल्ली चोर, वेश्या, माहूत, सगळ्यांची आत्मचरित्रं अशीच निघतात. सांगणारा एक आणि लिहिणारा एक.

"बसा मास्तर! चहा? बिनदुधाचा ना? तुम्ही दूधसुद्धा अशुद्ध समजत असाल."

मास्तर खुर्चीच्या कडेवर टेकले. काय विचारायचं ते त्यांनी येताना तीनदा घोकलं होतं, तरी आता ते तुकड्यातुकड्यानं बाहेर आलं. "ते... आगीचं प्रकरण. त्यात कुट्टप्पन... तुम्ही घातलात का?"

बेन्नी खदखदून हसला. "म्हणजे मी खोटारडा! अहो, माझा धंदा समजून घ्या. तुम्ही लोकांचं लिहिणं धुऊन काढता, मी मळवतो. बस्स. मधूनमधून एक 'मेलं, विसरले बघ' टाकायचं, एक खोकला टाकायचा. वाचकाला वाटतं, बाई समोर बसून पान चघळतेय. पण गोष्ट माझ्या पदरची नाही. ऐकायचंय?"

त्यानं फोन टेबलावर ठेवला. दाक्षायणीबाईंचा घोगरा आवाज आला. आधी दुसराच कुठलातरी भाग लागला. बाई अडखळत होती, मोलकरणीवर ओरडत होती, नवऱ्याचं नाव चुकून दुसऱ्याच नवऱ्याला देत होती. मग बेन्नीनं पुढं सरकवलं. "दिव्याचा कुट्टप्पन पळाला. मी त्याची पाठ पाहिली. तेव्हापासून पाठ दाखवणारा माणूस दिसला की माझ्या अंगाला आगीचा वास येतो."

खाडखाड, एका दमात.

"पटलं?" बेन्नी म्हणाला.

"पुस्तकात इथं चार वेळा 'विसरले' आहे," मास्तर पुटपुटले. "या आवाजात तर ती एकदाही विसरत नाही."

"ती चारही माझी. फार गुळगुळीत येत होतं हो. खरं वाटेना, म्हणून ओरखडे पाडले."

मास्तरांनी चहा तसाच ठेवला. ओरखडे पाडून खरं केलेलं ते पान वाचून आपले डोळे पाणावले होते, हे आठवून त्यांना स्वतःचीच किळस आली. पण एक गोष्ट पक्की झाली: कुट्टप्पनला बेन्नीनं घातला नव्हता. बाईनंच घातला होता, आणि घालण्याआधी पाठ केला होता.

खरी आठवण कोण पाठ करतं?

३

ज्योतींद्र मेनोनच्या खोलीत शिरताच समोर भिंतभर मुखपृष्ठ लावलेलं होतं: दोन्ही तळव्यांत हनुवटी धरलेली दाक्षायणी, बोटं गालांवर, तळवे कॅमेऱ्याकडे.

"या मास्तर! मुद्रितं झाली? नाताळच्या आधी आवृत्ती बाजारात हवी. सत्कार आहे बाईंचा."

"एक विचारायचं होतं. साप्ताहिकात कुट्टप्पन नव्हता."

"नव्हताच. पण वाचकांची पत्रं यायला लागली ना: दिवा पडला तेव्हा दिवेवाला काय करत होता? मी बाईंना म्हटलं, एवढं खरं बोललात, हेही बोला. दोन दिवस गेले आणि बोलल्या. कोणाची भीड नाही हो बाईला!"

"ज्याचं नाव घेतलं त्याला कोणी विचारलं?"

मेनोननं असं पाहिलं, जणू मास्तरांनी मुद्रितातल्या डासाची जात विचारली. "मास्तर, तुम्ही अनुस्वार बघा. आणि ऐका, मी त्या रात्री तिथं होतो! माझ्या मामाच्या खांद्यावर बसून बघितलंय. मंदिराच्या मैदानात वीज नव्हती. पोर पेटली आणि मेलेली आई उठली. आरोळ्या, पळापळ! म्हाताऱ्या नमस्कार घालत होत्या."

"चेहरा दिसला का हो तिचा?"

"चेहरा कसला दिसतोय? दिवा फुटलेला, धूर. पांढरी चादर उठली आणि तिनं पोरीला कवेत घेतलं, एवढं डोळ्यांसमोर आहे. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, 'मेलेली आई उठली'. त्यावर तर बाईंना सिनेमा मिळाला. अर्ध्या केरळाची आई झाली ती!" मेनोननं भिंतीकडे हात केला. "आणि हा फोटो बघा. फोटोग्राफर म्हणाला, थोडा साफ करू? मी म्हटलं, खबरदार. एकही सुरकुती पुसायची नाही. जे आहे ते आहे. यालाच म्हणतात प्रामाणिकपणा."

मास्तर उठून भिंतीजवळ गेले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. अक्षरं वाचायची सवय झालेला माणूस चित्रं सहसा बघत नाही. हे मुखपृष्ठ त्यांच्या घरी महिनोन्महिने होतं आणि त्यांनी ते एकदाही नीट पाहिलं नव्हतं.

गालावरची प्रत्येक सुरकुती दिसत होती. मानेवरचा चामखीळ दिसत होता. तळव्यावरच्या रेषा तर इतक्या स्वच्छ होत्या की ज्योतिष्यानं भविष्य सांगावं.

जळती पोर ज्यांनी कवटाळली ते हे तळवे नव्हते.

४

एलंतिक्करच्या दुकानाची फळी खरवडलेली होती, तरी डांबराखालची अक्षरं ओळखू येत होती. 'मी तो अच्युत वारियर' एवढे चार शब्द बोलायला मास्तर बसमधून आले होते. दुकानात मशीनवरच्या बाईनं मान वर केली आणि ते म्हणाले, "उशीचा अभ्रा शिवून मिळेल?"

"उशी कुठाय?"

"घरी."

"मग माप?"

मास्तरांनी हवेत दोन्ही हात धरून दाखवलं. वत्सला बघतच राहिली. "अहो आजोबा, एवढी उशी की हत्तीची गादी? बरं, बसा. त्या बाकावर बसा. अच्छन, जरा सरका."

बाकावर भिंतीकडे तोंड करून एक वाळलेला म्हातारा बसला होता. वत्सलानं चहा आणून ठेवला तेव्हा त्यानं पेला उचलला तो दोन्ही मनगटांच्या मध्ये धरून. बोटं तळव्यात आत वळून चिकटलेली, कातडी मेणासारखी चकचकीत.

"अच्छनना माझ्या लहानपणापासून मीच बटणं लावून देते," वत्सला मशीन चालवता चालवता म्हणाली. "दिव्यानं भाजलंय म्हणतात. पेट्रोमॅक्सवाल्यांचे हात असेच व्हायचे म्हणे."

मशीन खडखडत होतं. मास्तर म्हाताऱ्याच्या कानाशी वाकले. एवढ्या जवळून अनोळखी माणसाशी ते आयुष्यात बोलले नव्हते.

"चादर जाड होती का हो?"

कुट्टप्पननं मान वळवली. म्हणाला, "जाड होती. ओली असती तर बरं झालं असतं."

"तुम्ही सांगितलं का नाही कोणाला?"

"काय सांगू? मी दिव्याचा माणूस. दोरी सोडून आडवा झालो. रोजच व्हायचो, बाई म्हणायच्या, कुट्टप्पा, ये पड, मला भूक लागलीय. त्या दिवशी दोरीची गाठ सुटली. पोर गेली. मग कोण उठलं आणि कोणी विझवलं, याची दवंडी पिटायची का?" त्यानं पेला खाली ठेवला. "नाव बाईंना गेलं, जाऊ दे म्हटलं. पण पळालो..." तो बाकावर पूर्ण वळला. "मास्तर, मी पळालो नाही हो."

"मला मास्तर का म्हणालात?"

"उशी घरी ठेवून अभ्रा शिवायला येणारा दुसरा कोण असणार? माझी मुलगी पत्रं टाकते ते मला ठाऊक आहे."

५

दाक्षायणीबाई झोपाळ्यावर बसून पान लावत होत्या. जरीच्या काठाचं मुंडू नेसलेलं, कपाळावर भस्म.

"ये वारियर! पहिल्यांदा आलास. माझ्या तीन नवऱ्यांची प्रकरणं वाचताना लाजला असशील, नाही? एका तरी पानावर घाम पुसलास की नाही?"

"चेची, आगीच्या वाक्याबद्दल आलोय," मास्तर थोरल्या बहिणीशी बोलावं तसं म्हणाले. "नव्या आवृत्तीतून एक वाक्य काढायचं आहे. कुट्टप्पन पळाला, ते."

"का बरं? माझं सगळ्यात चांगलं वाक्य आहे ते."

"म्हणूनच." मास्तरांनी पिशवीतून पुस्तक काढून तिच्यापुढं पालथं ठेवलं, मग उलटं करून मुखपृष्ठ वर आणलं. "सहाव्या प्रकरणात तुम्हीच सांगितलंय की प्रेताच्या जागी कोणीही पडायचं. दिवा बारीक करणारा माणूस दोरी बांधून मोकळा असायचा, त्याच्याइतका सोयीचा कोण? मेनोननं त्या रात्री चादर उठलेली पाहिली, चेहरा पाहिला नाही. जो उठला त्याचे हात जळले. कुट्टप्पनच्या बोटांत पेला बसत नाही. आणि तुमचे हात हे इथं आहेत, एकही सुरकुती न पुसता. चादरीखाली तो होता, चेची. मग त्याची पाठ तुम्ही कुठून पाहिलीत?"

झोपाळा थांबला.

मग बाई हसली. आधी हळू, मग पानाची पिचकारी उडेल इतकी. "हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात, ते हेच. आणि तो मेनोन गाढव, फोटो साफ करू नका म्हणतो! गाडीच्या मागं बसून मी पिकल्या केळ्याची भजी खात होते, वारियर. आरोळ्या ऐकल्या, धावत आले, पडदा पडला होता. कुट्टप्पनला गाडीत घालून मागच्या रस्त्यानं नेलं. मी पोरीचं डोकं मांडीवर घेतलं, तेवढ्यात पेपरवाला आला. नाटकमंडळाचा मालक कानात म्हणाला, गप्प बस, पुढचे सगळे खेळ ठरतील. दोन महिने हाताला पट्ट्या बांधून हिंडले. माझी सगळ्यात जास्त चाललेली भूमिका ती."

"मग आता सांगून टाका. दारू सांगितलीत, पुरुष सांगितलेत..."

"अरे वेड्या, त्यांच्यावर टाळ्या पडतात!" तिनं असा हात झटकला की जणू सगळा वाचकवर्ग समोर माशीसारखा बसला होता. "दारू म्हटलं की बायका म्हणतात, काय धीट बाई. नवरे म्हटलं की म्हणतात, काय सोसलं बिचारीनं. लोकांना पाप हवं असतं, पण नाचताना शोभेल असं. पोर जळत होती आणि मी भजी खात होते, याला कोण शिट्टी मारेल? खरं बोलण्याचीसुद्धा एक मापाची चोळी असते, वारियर. त्यात मावेल तेवढंच बोलायचं."

"तो जेवत नाहीये, चेची."

त्यावर मात्र तिनं नजर पानाकडे वळवली. पानाचा देठ नखानं तोडला. "पत्रं आली, दिवेवाला कुठं होता म्हणून. दिवेवाला चादरीखाली होता म्हटलं तर मी कुठं होते? सांग ना. त्याला पळवल्याशिवाय मला उठता येईना." मग पुन्हा झोपाळा हलला. "वाक्य राहणार. सत्काराला ये. आणि छापायचंच असेल तर जा मेनोनकडे. बघ छापतो का. तू आयुष्यभर दुसऱ्यांचे अनुस्वार शोधलेस, तुझ्या नावावर एक ओळ तरी आहे का रे? तुझं कोण ऐकणार?"

बोलणं मर्मी लागलं, कारण ते बरोबर होतं.

६

मेनोननं ऐकून घेतलं आणि घड्याळाकडे पाहिलं. "मास्तर, समजा असेल तसं. पण आवृत्ती मशीनवर चढलीय. आणि लोकांना आवडलंय ना पुस्तक? मग झालं तर."

"मुद्रितं मी परत आणलीत," मास्तर म्हणाले. "पहिल्या पानावरून माझं नाव काढा."

"एवढंच ना? काढतो!" मेनोनला हायसं वाटलं. ते स्वच्छ दिसत होतं.

जिना उतरताना मास्तरांना नेहमीच्या शंकांनी घेरलं. आपण कोण? एक निवृत्त मुद्रितशोधक. पेपरात पत्र लिहावं तर संपादक मेनोनचा मित्र. कोर्टात जावं तर तोंडातून शब्द फुटणार नाही. आणि एलंतिक्करला पेपर वाचतो कोण? तिथं बातम्या टपरीवर फिरतात. 'पळपुटा' हा शब्दसुद्धा टपरीवरूनच फळीवर गेला होता.

टपरीवर बातम्या आणतो तो पोस्टमन.

मास्तर पोस्टात शिरले. आजवर त्यांनी साधी खुशालीसुद्धा पाकिटात घालून, कडा दोनदा चिकटवून पाठवली होती; आपलं अक्षर परक्यानं वाचावं ही कल्पनाच त्यांना अंगावर काटा आणायची. आज त्यांनी पोस्टकार्ड मागितलं आणि खिडकीशेजारच्या मेजावर उभ्या उभ्या लिहिलं, मोठ्या, सुट्या, लांबून वाचता येईल अशा अक्षरात:

'वत्सला, तुमचं पत्र मिळालं. वाचताना मला ते खरं वाटलं होतं. ते खोटं आहे. कुट्टप्पन पळाले नाहीत. त्या रात्री प्रेताच्या चादरीखाली दाक्षायणीबाई नव्हत्या, कुट्टप्पन होते. अम्मिणीला विझवायला उठले ते तेच. त्यांचे तळवे पाहा, मग पुस्तकावरच्या फोटोतले तळवे पाहा. बाईंनी हे माझ्यासमोर कबूल केलं आहे. हे कार्ड कोणीही कोणालाही वाचून दाखवावं. अच्युत वारियर, ते पुस्तक छापण्याआधी वाचणारा.'

खोडायचा मोह होण्याआधी त्यांनी कार्ड खिडकीतून आत सरकवलं. कारकुनानं सवयीनं पत्ता पाहिला, सवयीनं कार्ड उलटवलं आणि वाचता वाचता त्याची मान हळूहळू वर आली.

"मास्तर," तो आवाज खाली आणून म्हणाला, "हे असं उघडंच पाठवायचं?"

"उघडंच."

कारकुनानं शिक्का उचलला. मग तो तसाच हवेत धरून शेजारच्या टेबलावरच्या बाईला म्हणाला, "सुभद्रे, जरा इकडं ये. हे वाच." तिनं येऊन वाचलं, आणि मग त्यानं शिक्का मारला.